मुलाची फाईल वेगळी ठेवा: अमेरिकेतल्या स्थलांतरित घरांतली मुलं, नागरिकत्व आणि हद्दपारी

आमच्या घरी एक निळी फाईल होती. माझे एच-१बीचे (नोकरीच्या तात्पुरत्या व्हिसाचे) कागद त्यात नीट तारीखवार लावलेले, आणि बायकोचे व लेकीचे मागे कुठेतरी क्लिप लावून अडकवलेले. तीन वर्षांपूर्वी भारतातून सुट्टी संपवून परतलो. मार्चमध्ये एका रात्री बायकोने सहज लेकीचा आय-९४, म्हणजे प्रवेश आणि मुक्कामाच्या मुदतीची सरकारी नोंद, काढून बघितला. "अहो, हिची तारीख मे महिन्याची दिसतेय. तुमची तर पुढच्या सप्टेंबरची आहे." मी म्हटलं, चुकून दुसऱ्या कुणाचा उघडला असशील. तसं नव्हतं. लेकीचा भारतीय पासपोर्ट मे महिन्यात संपत होता आणि विमानतळावरच्या अधिकाऱ्याने तिला तेवढ्याच दिवसांचा प्रवेश दिला होता. व्हिसावरची तारीख पुढची होती, माझी पुढची होती, पण तिच्या मुक्कामाची मेमध्येच संपत होती.

त्या रात्रीपासून आमच्याकडे लेकीची फाईल वेगळी आहे. मूल आपल्या व्हिसावर आलं म्हणजे आपल्याबरोबर आपोआप पुढे सरकतं, असं बहुतेक आईबाप धरून चालतात. कायदा मात्र मुलाकडे स्वतंत्र माणूस म्हणून बघतो. त्याच्या तारखा निराळ्या, त्याच्या अटी निराळ्या, आणि वयाची १४, १८ व २१ वर्षं पूर्ण होतात ते तीन वाढदिवस केक कापण्यापलीकडे बरंच काही घेऊन येतात.

पायरी पहिली: आपलं मूल नक्की कोण आहे ते ठरवा

एका घरात तीन मुलं तीन प्रकारची असू शकतात: थोरला एच-४वर (एच-१बीवाल्याच्या कुटुंबाचा व्हिसा), मधली ग्रीन कार्डवर (कायमच्या वास्तव्याचा परवाना), धाकटा इथे जन्मलेला. प्रत्येकासाठी एका कागदावर चार गोष्टी लिहा. जन्म कुठे झाला, त्या दिवशी आईबापांपैकी कोण नागरिक होतं का, मूल अमेरिकेत शेवटचं कधी आणि कशावर आलं, आणि आज त्याच्या मुक्कामाला कुठला कागद आधार देतोय.

इथे जन्मलेल्याचं नागरिकत्व १८६८च्या चौदाव्या घटनादुरुस्तीतून येतं. सॅन फ्रान्सिस्कोत चिनी आईबापांच्या पोटी जन्मलेला वाँग किम आर्क हा स्वयंपाकी १८९५मध्ये चीनची फेरी करून परतला, तेव्हा तू नागरिक नाहीस म्हणून त्याला अडवलं गेलं. १८९८मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल त्याच्या बाजूने दिला, आणि परदेशी आईबापांच्या इथे जन्मलेल्या मुलांचा हक्क तेव्हापासून त्यावर उभा आहे. परदेशी राजदूतांची मुलं हा जुना अपवाद.

२० जानेवारी २०२५ रोजी निघालेल्या अध्यक्षीय आदेशाने यालाच हात घातला. आई बेकायदा राहणारी किंवा तात्पुरत्या व्हिसावरची असेल आणि वडील नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक नसतील, तर १९ फेब्रुवारी २०२५पासून जन्मणाऱ्या बाळाला नागरिक मानू नये, असा तो आदेश. म्हणजे एच-१बीवरची सरळमार्गी घरंही त्यात आली. न्यायालयांनी तो अंमलात येण्याआधीच रोखला. जून २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने देशव्यापी मनाई हुकमांवर मर्यादा आणली, पण मूळ प्रश्नाला हात लावला नाही. जुलैमध्ये न्यू हॅम्पशायरच्या जिल्हा न्यायालयाने बाळांच्या बाजूने सामूहिक दाव्यात मनाई दिली आणि डिसेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने मूळ प्रश्न सुनावणीला घेतला. अशा घरांनी त्या खटल्याची ताजी स्थिती पाहूनच पाऊल टाकावं. कागद मात्र कुठल्याही परिस्थितीत लागतातच: आईबापांची नावं असलेला सविस्तर जन्मदाखला, आणि बाळाच्या जन्माच्या दिवशी दोघांचं जे स्टेटस (कायदेशीर मुक्कामाचा दर्जा) होतं त्याचे आय-९४ आणि मंजुरीपत्रं. दहा वर्षांनी ती शोधत बसण्यापेक्षा आजच बाळाच्या फाईलला लावा.

भारताबाहेर जन्मलेल्या बाळाची जन्मनोंद वर्षाच्या आत भारतीय वकिलातीत करून त्याला भारतीय नागरिक ठेवता येतं. पण त्यासाठी बाळाकडे दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नाही असं लिहून द्यावं लागतं. अमेरिकन पासपोर्ट काढायचा आणि इकडे हेही लिहून द्यायचं, असलं दोन्ही डगरींवर पाय ठेवणं करू नका. अमेरिकन पासपोर्टवरच्या मुलासाठी ओसीआय, म्हणजे भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना भारत देतो ते कार्ड, आहे.

पायरी दुसरी: एच-४वरच्या मुलाच्या तारखा

माझा धडा इथलाच. परदेशातून परतल्यावर आठवडाभरात सीमा आणि सीमाशुल्क खात्याच्या संकेतस्थळावरून प्रत्येकाचा आय-९४ वेगळा उतरवून घ्या. लहान मुलांचा भारतीय पासपोर्ट साधारण पाच वर्षांचाच असतो, त्यामुळे हा घोळ मोठ्यांपेक्षा मुलांच्या बाबतीत जास्त होतो. प्रवासाआधीच पासपोर्ट नवा करून घेतला तर प्रश्नच उरत नाही. तारीख कमी मिळालीच, तर ती उलटण्याआधी आय-५३९ अर्जाने मुदतवाढ मागता येते, किंवा बाहेर जाऊन नव्या पासपोर्टवर परत येता येतं. आम्ही पहिला मार्ग धरला. पाच महिने पोस्टाची पेटी उघडताना हात थरथरायचा.

कंपनी तुमची एच-१बी वाढवते तेव्हा मुलाचं एच-४ आपोआप वाढत नाही, त्याचा अर्ज वेगळा भरावा लागतो. वकिलाने "एच-१ फाईल झालं" अशी मेल पाठवली की उलट विचारा, "आणि मुलांचं?"

तारीख उलटलीच तर दोन वेगळ्या गोष्टी घडतात आणि लोक त्यांची गल्लत करतात. एक म्हणजे स्टेटस सुटतं. ते वयाच्या कुठल्याही वर्षी सुटू शकतं आणि हद्दपारीची कारवाई सुरू करायला तेवढं पुरतं. दुसरी म्हणजे बेकायदा मुक्कामाचे दिवस मोजायला लागणं. ही मोजणी १८व्या वाढदिवसाआधी होत नाही. त्यानंतर १८० दिवसांहून जास्त झाले आणि मूल देशाबाहेर गेलं, तर तीन वर्षं परत येण्याची बंदी. एक वर्ष किंवा जास्त झालं, तर दहा वर्षं. म्हणून जुनी चूक सापडलीच तर ती अठरा पूर्ण होण्याआधी निस्तरलेली बरी, आणि फार तर साडेअठरापर्यंत. नोकरीच्या वर्गातून ग्रीन कार्ड मागताना शेवटच्या कायदेशीर प्रवेशानंतरची एकूण १८० दिवसांपर्यंतची चूक पोटात घालणारी तरतूद कायद्यात आहे. वकिलाला तिच्याबद्दल जरूर विचारा.

चौदावा वाढदिवस मधेच येतो. एप्रिल २०२५पासून परदेशी मुलांच्या नोंदणीचा जुना नियम पुन्हा कडक केला गेला. मूल अमेरिकेत असताना चौदा पूर्ण झाली, की तीस दिवसांत त्याच्या नावाने नागरिकत्व आणि स्थलांतर सेवेच्या संकेतस्थळावर खातं उघडून जी-३२५आर भरायचा आणि बोलावतील तेव्हा बोटांचे ठसे द्यायचे. आधीचा आय-९४ असला तरी हे चुकत नाही. ग्रीन कार्डवरच्या मुलाने याच सुमारास आय-९० भरून कार्ड नवं करायचं. आठवीतलं पोर ठसे द्यायला जाताना "बाबा, मी काय केलंय?" असं विचारतं. उत्तर तयार ठेवा.

पायरी तिसरी: एकविसाव्या वाढदिवसाचं गणित

खरा पेच इथे आहे. एकवीस पूर्ण झालेल्या दिवशी एच-४ संपतं. भारतात जन्मलेल्यांची नोकरीच्या वर्गातली रांग २०२५ संपतानाही दुसऱ्या आणि तिसऱ्या श्रेणीत २०१३ सालच्या प्रायॉरिटी डेटवर (रांगेत नाव लागल्याच्या तारखेवर) घुटमळत होती. शाळेच्या पहिलीत असताना आलेलं मूल कॉलेजला गेलं तरी बापाची तारीख येत नाही. याला सगळे 'एज आउट होणं' म्हणतात.

२००२च्या बालक स्थिती संरक्षण कायद्याने यात थोडी सूट दिली. नंबर लागला त्या दिवशी मुलाचं जे वय असेल, त्यातून तुमचा आय-१४०, म्हणजे कंपनीने तुमच्या ग्रीन कार्डासाठी भरलेला अर्ज, जितके दिवस मंजुरीसाठी पडून होता तितके दिवस वजा करायचे. उरलेलं वय एकविसाच्या आत असेल, मूल अविवाहित असेल आणि नंबर लागल्यापासून एका वर्षात त्याने ग्रीन कार्डासाठी हालचाल केली असेल, तर ते वाचतं. नंबर लागण्याचा दिवस म्हणजे व्हिसा बुलेटिनच्या (रांग कुठवर आली ते दर महिन्याला सांगणाऱ्या सरकारी पत्रकाच्या) महिन्याची पहिली तारीख किंवा आय-१४० मंजुरीची तारीख, यातली जी नंतरची ती.

आकड्यात बघू. नंबर लागला तेव्हा मुलगा २१ वर्षं ५ महिन्यांचा. आय-१४० आठ महिने पडून होता. वय निघालं २० वर्षं ९ महिने, सुटला. आता तोच आय-१४० प्रीमियम फी भरून तीन आठवड्यांत मंजूर करून घेतला असता तर? वय निघतं २१ वर्षं ४ महिन्यांच्या पुढे, आणि मुलगा रांगेबाहेर. आपण जास्तीचे पैसे मोजून मुलाचे सात महिने घालवतो, हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी कागदावर तीनदा गणित करून बघितलं. प्रीमियम नेहमीच वाईट असं नाही. नोकरी डळमळीत असेल, एच-१बीची सहा वर्षं संपत आली असतील, तर मंजुरी लवकर हातात असणं जास्त मोलाचं. पण निर्णय घेताना मुलाची जन्मतारीख टेबलावर असू द्या. दिवस मोजले जातात ते ज्या आय-१४०वर मुलाचा अर्ज उभा आहे त्याचेच, हेही ध्यानात ठेवा.

बुलेटिनमधला कुठला तक्ता धरायचा, यावरही पाणी फिरलंय. फेब्रुवारी २०२३पासून वय गोठवायला 'अर्ज भरण्याच्या तारखा' हा पुढे धावणारा तक्ता चालत होता. १५ ऑगस्ट २०२५पासून भरलेल्या अर्जांना पुन्हा 'अंतिम कार्यवाही'चा मागचाच तक्ता लागू झाला. जुन्या चर्चा वाचून गणित केलं असेल तर ते पुन्हा करा.

आणि एक गैरसमज, जो मी वकिलांच्या तोंडूनही अर्धवट ऐकलाय: या कायद्याने एच-४ वाढत नाही. तो वाचवतो तो ग्रीन कार्डाच्या रांगेतला हक्क. वजाबाकीने मुलगा वीस वर्षांचा ठरला, तरी एकविसाव्या वाढदिवसानंतर राहायला दुसरा आधार लागतो. एक तर दाखल झालेला आय-४८५ (मुलाचा स्वतःचा ग्रीन कार्डाचा अर्ज), नाहीतर एफ-१ (विद्यार्थी व्हिसा).

एफ-१ची तयारी वीस पूर्ण झाल्यावर लगेच सुरू करा. कॉलेजकडून आय-२० हा प्रवेशाचा दाखला घ्यायचा आणि वाढदिवसाआधी आय-५३९ भरून स्टेटस बदलाचा अर्ज पोचता करायचा. दुसरा मार्ग भारतात जाऊन स्टॅम्पिंगचा, म्हणजे अमेरिकन वकिलातीत मुलाखत देऊन व्हिसा घेण्याचा. तिथे "शिक्षण झालं की परत येणार का?" या प्रश्नाला इथेच वाढलेल्या पोराने काय उत्तर द्यायचं, हा अवघड भाग आहे, म्हणून शक्य असेल तर आधी देशातल्या देशात बदल. एच-४वर असताना फी स्थानिक रहिवाशाची लागत असेल, तर एफ-१ झाल्यावर तीच राहील का हे कॉलेजच्या कचेरीत विचारा. उत्तर राज्याराज्यात बदलतं आणि फरक घराचं अंदाजपत्रक कोलमडवण्याएवढा असतो.

'डाका'बद्दल दर बैठकीत कुणीतरी विचारतंच. लहानपणी आलेल्यांची हद्दपारी पुढे ढकलणारी २०१२ची ती योजना सोळाव्या वर्षाआधी आलेल्या मुलांसाठी होती, पण १५ जून २०१२ रोजी ज्यांच्याकडे कायदेशीर स्टेटस नव्हतं त्यांच्यासाठीच. नियमाने आलेली, नियमाने राहिलेली एच-४ची मुलं त्यातून नेमकी बाहेर राहिली. जुन्या लाभार्थींची नूतनीकरणं चालू राहिली, नव्यांसाठी दार न्यायालयांनी बंद ठेवलं. त्यावर विसंबून काही आखू नका.

पायरी चौथी: आईबाप नागरिक झाले, मग मुलाचं काय?

मुलाचं ग्रीन कार्ड झालं असेल तर इथे मोठी चांगली बातमी आहे. २००१मध्ये लागू झालेल्या बाल नागरिकत्व कायद्यानुसार मूल अठराच्या आत असेल, ग्रीन कार्डवर असेल, आणि नागरिक झालेल्या आईकडे किंवा बापाकडे कायदेशीर व प्रत्यक्ष ताब्यात अमेरिकेत राहत असेल, तर ते आपोआप नागरिक होतं. अर्ज नाही, परीक्षा नाही, शपथ नाही. एका पालकाची शपथ पुरते. सावत्र नातं मात्र दत्तक घेतल्याशिवाय चालत नाही.

अठरापूर्वी म्हणजे अठरापूर्वीच. मुलगी तेरा वर्षांची असताना सगळ्यांना ग्रीन कार्ड मिळालं, तर आईबापांची नागरिकत्वासाठी लागणारी पाच वर्षं पूर्ण होतात तेव्हा ती अठराची. पाच वर्षं भरण्याच्या ९० दिवस आधी एन-४००, म्हणजे नागरिकत्वाचा अर्ज, भरता येतो, तो पहिल्याच दिवशी भरा. पण पालकाची शपथही मुलीच्या अठराव्या वाढदिवसाआधी व्हायला हवी, नुसता अर्ज नव्हे. इथे आपल्या लोकांना एक मोह होतो. मधलं नाव म्हणजे वडिलांचं किंवा नवऱ्याचं, ते इथे सगळीकडे घोळ घालतं, म्हणून नागरिकत्वाबरोबरच नाव बदलून घेऊ म्हणतात. नावबदल असला की शपथ न्यायाधीशापुढे होते आणि तारीख लांबू शकते. मुलगी सतरा-साडेसतराची असेल तर नावाची हौस नंतर भागवा.

आपोआप नागरिक झालेल्या मुलाला कुणी पत्र पाठवत नाही. पुरावा आपणच काढायचा. पासपोर्ट स्वस्त आणि लवकर मिळणारा. सोळाच्या आतल्या मुलासाठी दोन्ही पालकांची संमती लागते. एन-६०० अर्जाने मिळणारं नागरिकत्वाचं प्रमाणपत्र महाग, २०२४च्या दरपत्रकात कागदी अर्जाला १,३८५ डॉलर. मी तरीही दोन्ही काढा म्हणेन. पासपोर्टची मुदत संपते, हरवतो, प्रमाणपत्राला मुदत नसते, आणि तीस वर्षांनी "तू कधी नागरिक झालास?" असं कुणी विचारलं तर तेव्हाचे ताब्याचे आणि पत्त्याचे पुरावे कुठून आणणार? सोशल सिक्युरिटीच्या कचेरीत जाऊन नोंदही बदलून घ्या. ती आपोआप बदलत नाही.

भारताच्या बाजूने मूल त्या दिवसापासून भारतीय उरत नाही. त्याचा भारतीय पासपोर्ट परत करून सरेंडरचा दाखला घ्यायचा, मग ओसीआय. "अजून दोन वर्षं व्हॅलिड आहे" म्हणत त्याच भारतीय पासपोर्टवर आजीकडे फिरवून आणणं हा भारतात गुन्हा आहे.

अठरा उलटली असतील तर मुलाने स्वतःची पाच वर्षं भरून स्वतःचा एन-४०० भरायचा. आणि तोवर त्याला हद्दपारीचे नियम लागू असतात.

पायरी पाचवी: ग्रीन कार्डवरचं पोर आणि हद्दपारी

"ग्रीन कार्ड आहे, आता कोण काढतंय" या भरवशावर अनेक पोरं फसली आहेत. नागरिकाला हद्दपार करता येत नाही, ग्रीन कार्डवाल्याला येतं. चार वर्षांचा असताना आलेला, मराठी जेमतेम समजणारा मुलगाही परत पाठवला जाऊ शकतो.

कॉलेजला जाणाऱ्या मुलाशी तीन विषयांवर स्पष्ट बोला. पहिला गांजा. राज्यात दुकानात उघड मिळतो, गमीज नावाच्या गोळ्यांच्या रूपात पार्टीत फिरतो, पण केंद्रीय कायद्यात तो अजून निषिद्ध आहे. अमली पदार्थाच्या शिक्षेवरून होणाऱ्या हद्दपारीतून सूट आहे ती ३० ग्रॅम किंवा कमी गांजा स्वतःसाठी जवळ बाळगल्याच्या एकाच प्रसंगाला. दुसरा चोरी, मग ती दुकानातली किरकोळ का असेना. फसवणूक आणि चोरी नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यांत मोडतात, आणि असे दोन जमले की वेळमर्यादा न बघता कारवाई होऊ शकते. राज्याच्या न्यायालयाने नंतर शिक्षेची नोंद पुसली, तरी स्थलांतर कायद्याच्या लेखी ती सहसा पुसली जात नाही. बालन्यायालयातला निवाडा मात्र सहसा गुन्हासिद्धी धरला जात नाही, म्हणून प्रकरण तिथेच राहणं महत्त्वाचं. २०१०च्या पडिला खटल्यापासून गुन्हा कबूल करण्याआधी स्थलांतरावरचे परिणाम सांगणं हे बचावाच्या वकिलाचं कर्तव्य आहे. त्याने सांगितलं नाही तर तुम्ही विचारा. "दंड भरून मोकळे व्हा" हा सल्ला नागरिकाला ठीक, आपल्याला नाही.

तिसरा विषय लोकांना विनोद वाटतो. लायसन्स काढताना खिडकीवर विचारतात, मतदार म्हणून नाव घालायचं का? पोर हो म्हणतं आणि पडद्यावरच्या चौकटीत बरोबरची खूण करतं. त्या चौकटीशेजारी 'मी नागरिक आहे' असं लिहिलेलं असतं. नागरिक असल्याचा खोटा दावा आणि नियमबाह्य मतदान ही दोन्ही हद्दपारीची कारणं आहेत, आणि माफीच्या वाटा फार अरुंद.

पायरी सहावी: नोटीस आलीच तर

न्यायालयात हजर राहण्याच्या नोटिशीला एनटीए म्हणतात. फेब्रुवारी २०२५च्या धोरणानुसार अर्ज नामंजूर झाला आणि कायदेशीर स्टेटस उरलं नाही, तर ती थेट निघू शकते. त्यामुळे एच-४ किंवा एफ-१चा अर्ज नामंजूर झाला तर "बघू पुढच्या महिन्यात" म्हणू नका.

नोटीस हातात पडली की आधी नाव, जन्मतारीख, प्रवेशाची तारीख तपासा, चुका असतात. तारखेला गैरहजर राहिलात तर पाठीमागे हद्दपारीचा हुकूम होतो. तो उघडून घेणं शक्य असलं तरी फार कष्टाचं. घर बदललं तर दहा दिवसांत स्थलांतर सेवेला एआर-११ हा पत्ताबदलाचा अर्ज, आणि खटला चालू असेल तर पाच दिवसांत न्यायालयाला वेगळा अर्ज. एकाला कळवलं म्हणून दुसऱ्याला कळत नाही. सरकार फुकट वकील देत नाही, मूल असलं तरीही. लहान मुलाला घेऊन एकटी आई पहिल्या तारखेला गेली, तर वकील शोधायला वेळ मागण्याचा हक्क तिला आहे, तो मागावा.

बचावाच्या वाटा थोड्या आहेत. ग्रीन कार्ड पाच वर्षं, कायदेशीर प्रवेशापासून सलग वास्तव्य सात वर्षं आणि गंभीर श्रेणीतला गुन्हा नाही, अशाला न्यायाधीश हद्दपारी रद्द करू शकतो. ग्रीन कार्ड नसलेल्याला दहा वर्षांचं वास्तव्य, चांगली वर्तणूक, आणि नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक पती-पत्नी, आईबाप वा मुलाला अत्यंत असाधारण हालअपेष्टा होतील हे सिद्ध करावं लागतं. त्यालाही वर्षाला ४,००० जणांची मर्यादा. "मूल अमेरिकन आहे, मग आम्हाला काही होत नाही" हे खरं नाही. नागरिक मूल एकवीस वर्षांचं झाल्यावरच आईबापांसाठी अर्ज करू शकतं, तोवर त्याच्या पासपोर्टची ढाल आईबापांना मिळत नाही.

अशा घरांनी मुलाचा अमेरिकन पासपोर्ट आणि ओसीआय दोन्ही आधीच काढून ठेवावं. आईबाप भारतात परत पाठवले गेले, तर अमेरिकन मूल कागदाशिवाय त्यांच्यामागे जाऊ शकत नाही. मधल्या काळात मूल कुणाकडे राहील, शाळेतून कोण आणेल, दवाखान्यात सही कोण करेल, याचं मुखत्यारपत्र आपल्या राज्याच्या नमुन्यात नोटरी करून एका विश्वासू माणसाकडे द्यावं. हे बोलायला जड जातं. आमच्या ओळखीच्या एका जोडप्याने ते संक्रांतीच्या तिळगुळानंतर चहाच्या टेबलावर उरकलं. मुलगी शेजारीच बसून गृहपाठ करत होती.

वकिलाकडे पहिल्यांदा जाताना मुलाची वेगळी फाईल न्या: जन्मदाखला, सगळे आय-९४, सगळी मंजुरीपत्रं, आय-१४०च्या दाखल आणि मंजुरी या दोन्ही तारखा, कसलाही पोलिसांचा कागद असेल तर तोही. आणि जुना, कोपरा कापलेला पासपोर्ट फेकून दिला नसेल तर तो नक्की न्या. पहिल्या प्रवेशाचा शिक्का त्यातच असतो.